नाताळ अजून लांब आहे

दसरा झाला की आमच्या नगरच्या मंडळीत पंचकमिटीची बैठक बसते आणि तिच्यात कोणीतरी हमखास म्हणतं, "नाताळ अजून लांब आहे." हे वाक्य ज्याच्या तोंडून निघतं त्याच्या गळ्यात तिथल्या तिथे मांडवाची जबाबदारी पडते. म्हणून हल्ली पाळकसाहेबांची प्रार्थना संपली तरी कोणी डोळे उघडत नाही.

पहिला मान हंगामाच्या सणाचा. कॉर्नवॉलमधल्या हॉकर नावाच्या पाळकाने १८४३ साली गावकऱ्यांना पिकाबद्दल देवाचे आभार मानायला बोलावलं, तेव्हापासून इंग्लंडात हा सण आजच्या रूपात रुळला. आमच्याकडे आभार लवकर आटोपतात, कारण पुढे लिलाव असतो. वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेला एक कोंबडा. शहरातल्या मंडळीत शेती कितीजणांची असणार? निम्मा हंगाम आदल्या संध्याकाळी मंडईतूनच येतो. भर उपदेशात कोंबडा आरवतो, पेत्राने प्रभूला नाकारलं होतं ते सगळ्यांना आठवतं आणि वर्गणी थकलेले लोक माना खाली घालतात.

लिलाव पुकारतात ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना प्रत्येकाचा पगार ठाऊक, त्यामुळे 'चारशे एक वार' म्हणताना ते नेमकं ज्याच्याकडे पाहायचं त्याच्याकडेच पाहतात. साधा दुधी पाचशेला जातो. घेणारा तो मंडळीला परत देतो, म्हणजे पुन्हा बोली. तिसऱ्या खेपेला दुधी हाताळून हाताळून मऊ पडतो, भाव मात्र चढलेलाच. एकदा दोन सख्ख्या व्याह्यांत अशी चुरस लागली की दुधीपेक्षा सोयरीक स्वस्तात पडली असती. शेवटी तो दुधी कोणाच्या घरी शिजतो, हे मात्र अजून कोणी पाहिलेलं नाही.

मधे दिवाळी येते. शेजारच्या वहिनींकडून फराळाचा डबा येतो आणि डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम बाप्तिस्मा झाला तरी सुटत नाही. तो डिसेंबरात आमच्या करंज्या घेऊन परत जातो. केक असतोच, पण घरातला खरा नाताळ चिवड्याच्या वासानेच सुरू होतो.

गंमत अशी की ज्यांनी आम्हाला हे सगळं दिलं, त्यांच्या घरी नाताळ नव्हता. १८३१ साली नगरला येऊन बसलेल्या अमेरिकन मराठी मिशनचं मुख्यालय बॉस्टनला. त्या मुलखात त्यांच्या प्युरिटन पूर्वजांनी १६५९ ते १६८१ नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. आमच्या महिला मंडळाने तो आगाऊ भरून पावती फाईलला लावली असती.

डिसेंबर लागला की गायनवृंदात फूट पडते. एक पक्ष कीबोर्डचा, विलायती चालींचा, दुसरा पेटी-तबल्याचा. दुसऱ्या पक्षाकडे रेव्हरंड टिळक आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक नगरला आले आणि ख्रिस्ताला त्यांनी अभंगात आणि ओवीत आणून बसवलं. त्यांचं नाव काढलं की कीबोर्डवाले गप्प होतात, पण वायर काढून ठेवत नाहीत. तडजोड ठरलेली: सकाळची उपासना विलायती, रात्रीचं भजन देशी, आणि दोन्हीकडे टाळ्या चुकीच्या जागी.

नाटकाचं प्रकरण जास्त नाजूक. मेंढपाळांची आम्हाला ददात नाही; नगर जिल्ह्यात घोंगडी अस्सल मिळते. देवदूतांचे पंख थर्माकोलचे. योसेफाचं काम पाठांतरात कच्च्या मुलाला देतात, कारण शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक वाक्य नाही. हे मला मोठं शहाणपणाचं वाटतं. बाळंतपणाच्या वेळी नवऱ्याने बोलूच नये. भांडण होतं ते मागी लोकांवरून. आयांना वाटतं, आपलाच मुलगा राजा व्हावा. ज्ञानी लोक किती होते हे बायबलात लिहिलेलं नाही, असा शोध पाळकसाहेबांनी लावला आणि तेव्हापासून वाद मिटला. गेल्या वर्षी पूर्वेकडून सातजण आले, सगळे आईच्या शालूत. सोनं, ऊद, गंधरस देऊन झाल्यावर उरलेल्या चौघांनी बाळाला नारळ दिला.

आणि मग कॅरलची फेरी. रात्री जेवणं उरकून टेम्पोत ढोलकी, झांजा, पेटी आणि तरुण संघ चढतो. दहानंतर कर्णा बंद, त्यामुळे त्याची उणीव सगळे घशाने भरून काढतात. प्रत्येक दारात दोन गाणी, एक प्रार्थना आणि चहा. नको म्हटलं की घरधनीण म्हणते, "त्यांच्याकडे घेतला ना?" तिला ते कसं कळतं देव जाणे, पण खोटं बोलायची सोय नसते. अर्ध्या रात्रीपर्यंत सांताक्लॉजची कापसाची दाढी चहाने तपकिरी होते आणि लहान मुलं त्याला घाबरायला लागतात. आदल्या बैठकीत एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पंच त्याच टेम्पोत एका शालीत बसलेले असतात. समेट वगैरे काही नाही, डिसेंबरातली थंडी आहे नगरची.

तेव्हा वाचकहो, यंदा फेरी तुमच्या गल्लीत आली तर दार उघडा, गाणं ऐका, पाकिटात काय घालायचं ते घाला, चिवडा पुडीत बांधून दिलात तर उत्तमच. फक्त चहा टाकू नका. टेम्पोत म्हातारे पंच आहेत, पुढे अजून बरीच घरं आहेत, आणि रात्री दोन वाजता गावात एकही मुतारी उघडी नसते.