सॅटेलाइटराव

सह्याद्रीत हिंडणाऱ्या प्रत्येक ग्रुपात एक सॅटेलाइटराव असतो. वय पंचेचाळिशीपुढचं, पँटला जागा मिळेल तिथे खिसा आणि गळ्यात दोरीला लटकणारं हँडहेल्ड जीपीएस. नकाशा आता सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतो, पण हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. ‘मोबाइल बोलण्यासाठी असतो,’ एवढं सांगून तो विषय मिटवतो.

घोटीहून निघालेली जीप उजाडताना अकोले तालुक्यातल्या बारी गावात पोचते. बाकीचे चहाकडे धावतात. सॅटेलाइटराव मोकळ्यावर जाऊन, यंत्र आभाळाला दाखवत उभा. पहिलं पेज सॅटेलाइटचं. वर गोल, गोलात आकडे, खाली दांड्या. चार दांड्या भरल्याशिवाय जागेसह उंची कळत नाही, त्यामुळे तोवर पाऊल उचलायचं नाही. ‘सात मिळाले!’ तो ओरडतो, आणि सगळे पोह्यांच्या प्लेटा मोजू लागतात. मग इतिहास. अमेरिका पूर्वी या सिग्नलमध्ये मुद्दाम घोळ घालायची, शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं. मे २००० मध्ये क्लिंटनसाहेबांनी ते बंद करायला लावलं. ऐकणाऱ्याची खात्री पटते की साहेबांना याच्या कळसूबाईच्या चढाईचीच काळजी होती.

पुढचं पेज कंपासचं. सेल बदलले की तो नव्याने जुळवावा लागतो, म्हणजे यंत्र आडवं धरून सावकाश स्वतःभोवती फिरायचं. बारीच्या आजी तांब्या हातात घेऊन ही गिरकी बघत राहतात. ‘घेरी आली का रं ह्यांला?’

कंपासचा काटा मोठा सरळमार्गी. ठिकाण सांगितलं की नाकासमोर दिशा दाखवतो. मध्ये दरी आहे की कारवी, ही चौकशी त्याच्याकडे नाही. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी सॅटेलाइटरावाने खालचं बेलपाडा लावलं. काटा थेट कड्याबाहेर. ‘अगदी जवळ आहे, सरळ!’ पाचनईचे वाटाडे मामा गंभीरपणे म्हणाले, ‘सरळच हाय सायेब. पन मंग माघारी यायचं न्हाई.’

ट्रिप कॉम्प्युटर हे मात्र त्याचं खरं लाडकं पेज. चालण्याचा वेळ वेगळा, थांबण्याचा वेगळा. ‘थांबलो बेचाळीस मिनिटं. त्यातली अकरा तुमच्या बुटाच्या नाडीची,’ हे तो शिडीवर, आपला श्वास घशात अडकलेला असताना सांगतो. स्वतःच्या हिशेबात जरा सढळ असतो. घोटीला यंत्र चालू केलेलं, बारीला शून्यावर आणायचं राहिलेलं, त्यामुळे याचा कळसूबाईवरचा कमाल वेग ताशी बासष्ट किलोमीटर. तो आकडा तो पुसत नाही.

सांदण घळीत दोन्ही बाजूंच्या भिंतींनी आभाळाची चिंधी करून ठेवलेली असते. सगळे माना वर करून त्या कातळाकडे बघतात; हा ‘सिग्नल गेला’ म्हणून सुतकी चेहऱ्याने चालतो.

पण खोटं कशाला बोला? श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुकं उतरलं की पुढच्याची सॅकसुद्धा दिसत नाही. अशा वेळी हाच माणूस ट्रॅकबॅक लावून, सकाळी पडद्यावर उमटलेल्या तुटक रेघेवरून, सगळी वरात पाचनईच्या वाटेला आणून सोडतो. तेव्हा कुणी त्याची टिंगल करत नाही. जो तो हळूच विचारतो, ‘जादा सेल आणलेत ना?’

कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच. मंडळी देवीला हात जोडतात. याचं यंत्र १६३१ दाखवत असतं, कारण ते हवेच्या दाबावरून उंची काढतं आणि सकाळपासून हवा बदललेली असते. हा देवळाला दोन फेऱ्या मारतो, यंत्र धरलेला हात उंच करतो, चवड्यांवर उभा राहतो. सरबतवाल्या बाई विचारतात, ‘डोंगर खचला का काय, दादा?’ शेवटी तो मेनूत शिरतो, उंची विचारणारा चौकोन उघडतो, १, ६, ४, ६ अशी बटणं दाबतो आणि क्षणभर थांबतो.

‘बघा!’ तो सगळ्यांना बोलावून पडदा दाखवतो. ‘सोळाशे सेहेचाळीस! एका मीटरचा फरक नाही!’