दुर्जन-निर्दालनाची सनद

ज्या सद्गृहस्थाचा हात घरातील झुरळावर चप्पल उगारतानाही क्षणभर थबकतो, आणि शेजाऱ्याने दारापुढे कचरा टाकला तरी जो केवळ शिष्टाचारापायी मौन पाळतो, तोच सद्गृहस्थ नाट्यगृहाच्या अंधारात जाऊन बसला की समोरच्या दुष्टाचे प्राण जाईपर्यंत खुर्ची सोडावयास तयार होत नाही, हा मनुष्यस्वभावाचा एक विलक्षण विशेष होय. खलपुरुषास सात वर्षांची सक्तमजुरी झाली, अगर पश्चात्ताप होऊन तो काशीयात्रेस निघून गेला, असा शेवट एखाद्या लेखकाने केलाच तर प्रेक्षक तिकिटाचे दाम परत मागतील. दुष्ट मेला पाहिजे, आणि तो मेल्यावर नायकाने निष्कलंक हातांनी नायिकेचे पाणिग्रहण केले पाहिजे, या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पुरविण्याचे काम लेखकवर्गाकडे पिढ्यान्‌पिढ्या वतनासारखे चालत आले आहे. नायक उदार मनाने दुष्टास जीवदान देतो, दुष्ट कृतघ्नपणे मागून सुरा उगारतो आणि झटापटीत कड्यावरून कोसळतो. म्हणजे दुष्ट-निर्दालनाचे पुण्य नायकाच्या खाती जमा, आणि पाप तेवढे गुरुत्वाकर्षणाच्या नावे खर्ची.

आमच्या पुराणकारांनी ही पळवाट पत्करली नाही. कलमांचा कीस काढण्यात ते कमी होते असे नव्हे. हिरण्यकशिपूच्या वरातील घर ना बाहेर, दिवस ना रात्र, मनुष्य ना पशू, या साऱ्या अटी सांभाळून नरसिंहाने त्याचा जो निकाल लावला, तितका काटेकोर अंमल आजच्या कोणत्याही कचेरीत आढळणार नाही. शिशुपालाचे शंभर अपराध भरेतो श्रीकृष्णाने हिशेब ठेवला आणि त्यात खाडाखोड केली नाही. परंतु जेथे वध रीत सोडून झाला, तेथे तसा शेराही त्यांनी मारून ठेवला. आडून सोडलेल्या बाणाने पडलेला वाली प्रत्यक्ष रामचंद्रांस जाब विचारतो, आणि वाल्मीकी तो जाब गाळून टाकीत नाहीत. भीमाने गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला तेव्हा बलराम नांगर उगारून धावला. आणि मरणोन्मुख दुर्योधन आपली कैफियत मांडून थांबला तेव्हा आकाशातून जी पुष्पवृष्टी झाली ती विजयी पांडवांवर नव्हे, तर मांडी मोडून धुळीत पडलेल्या त्या खलनायकावर. व्यासांनी त्याला निर्दोष सोडले नाही. त्याचे म्हणणे मात्र दप्तरी दाखल करून घेतले.

पुढे राज्यकर्त्यांना असली दप्तरे अडचणीची होऊ लागली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. त्यात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नव्हते, तरी प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी त्यालाच पाहिले, आणि 1910 साली नाटकावर बंदी घालून इंग्रज सरकारने ती ओळख बरोबर असल्याचा जणू सहीशिक्क्यानिशी दाखला दिला.

स्वदेशी सरकारचा धर्मविचार याहून सूक्ष्म निघाला. 1975 साली ‘शोले’ सेन्सॉर मंडळापुढे गेला तेव्हा त्याच्या शेवटी ठाकूर गब्बरसिंगास पायांनी तुडवून ठार मारीत होता. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घ्यावा हे मंडळास रुचले नाही. त्या बिचाऱ्याला मुळात हातच उरले नव्हते, ही गोष्ट सवलतीसाठी पुरेशी ठरली नाही. शेवट नव्याने चित्रित झाला, पोलीस ऐन वेळी अवतरले आणि दरोडेखोर जिवंत त्यांच्या स्वाधीन झाला. हा चित्रपट 15 ऑगस्ट रोजी प्रदर्शित झाला तेव्हा आणीबाणी पुकारून दोन महिनेही लोटले नव्हते. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो माणसे खटल्यावाचून तुरुंगात होती, आणि घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाच्या आधारे न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या हुकमाने स्थगित झालेला होता. तात्पर्य, त्या वर्षी कायद्याचे संरक्षण ज्याला निश्चित लाभले असा भारतवर्षातील इसम एकच, आणि तो रामगडच्या डोंगरात राहात होता.

पडद्यावर कायद्याची एवढी बूज राखल्यावर पडद्याबाहेर थोडी सूट घेण्यास हरकत नसावी, असा समज पुढे दृढ झालेला दिसतो. चकमकींच्या पंचनाम्यांइतके एकजिनसी वाङ्मय आमच्या देशात दुसरे नाही: आरोपीस आडवेळी कोठेतरी नेण्यात येते, तो हत्यार हिसकावतो, पळू पाहतो, आणि पोलीस स्वसंरक्षणार्थ गोळी झाडतात. मुंबईतील चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सोळा सूचना घालून दिल्या. चकमकीनंतर लगोलग शौर्याची बक्षिसे आणि बढत्या देऊ नयेत, अशी ताकीद त्यांत द्यावी लागली, यावरून आधीचा प्रघात सुज्ञांनी ओळखावा. 6 डिसेंबर 2019 रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या एका अमानुष गुन्ह्यातील चार आरोपी पहाटे याच कथानकानुसार मारले गेले, आणि लोकांनी पोलिसांवर पुष्पवृष्टी केली. या चकमकीच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल 2022 साली उघड झाला. त्याचा निष्कर्ष असा की, गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. या अहवालावर कोणी पाकळीही टाकली नाही.

आमचा या लोकप्रिय पद्धतीस विरोध नाही. ती अर्धीमुर्धी राबविली जाते, एवढीच आमची फिर्याद आहे. खटल्यावाचून निकाल मान्यच असेल, तर सरकारने रीतसर सनदा द्याव्यात. तहसील कचेरीत खलपुरुषाचा दाखला मिळावा. अर्जासोबत दोन प्रतिष्ठित पंचांची जबानी, संबंधित इसमाच्या विकट हास्याचा नमुना, आणि अर्जदार स्वतः खलपुरुष नसल्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र जोडण्यात यावे. पहिल्या दोन जिनसा बाजारात मिळतील. तिसरीसाठी खोटे लिहून देण्याची तयारी लागेल, आणि तीही दुर्मीळ नाही.

मात्र सनदेचा अंमल वरून खाली व्हावा, ही आमची एकच अट. रावण, कंस, दुर्योधन, हिरण्यकशिपू, हे सारे गादीवर बसलेले होते. चित्रपटांतूनही मरतो तो गावचा जमीनदार, सावकार नाहीतर मंत्री. कथेतील दुष्ट नायकाहून बलाढ्य असतो, म्हणून तर त्याला मारण्यात पुरुषार्थ. प्रत्यक्षात आमच्या हयात कंसांना अटकपूर्व जामीन मिळतो, तो न मिळाल्यास त्यांच्या छातीत कळ येते, आणि इस्पितळाच्या वातानुकूलित खोलीतून ते तारखांवर तारखा मागून घेतात. पहाटेच्या गोळीला बळी पडतात ते हैदराबादच्या त्या चौघांसारखे लॉरीवर काम करणारे. हा क्रम बदलून पहिली नोटीस एखाद्या गादीवाल्यावर बजावली गेली, तर त्या दिवशी निष्पक्ष न्यायचौकशीचे माहात्म्य सर्व पक्षांना एकमुखाने पटेल, याविषयी आम्हांस शंका नाही.

तोवर वाचकांनी कथेतील खलनायक खुशाल मारावा. त्याचा गुन्हा आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो, आणि तो पाहण्याचे दामही मोजलेले असतात. पडद्याबाहेरच्या आरोपीची हकीकत मात्र गोळी झाडणाराच लिहितो, आणि तीवर आपण टाळ्या वाजवितो. वालीला जाब विचारता आला, दुर्योधनाला कैफियत मांडता आली. या देशाच्या नागरिकाला तेवढेही न देणाऱ्या राज्याने रामराज्याचे नाव घेऊ नये.