मुलुंड ते बोरिवली, व्हाया टॅन

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये फक्त एक जंगल आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. बिबट्याच्या मनात आलं तर तो रात्री मुलुंडच्या टेकडीवरून निघेल, वाटेत एखादं कुत्रं उरकेल आणि पहाटे बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसेल. माणसाला ती सोय नाही. त्याला आधी मध्य रेल्वेने खाली घाटकोपरला यायचं, तिथून मेट्रोने आडवं अंधेरीला, आणि पश्चिम रेल्वेने पुन्हा वर बोरिवलीला. घोड्याच्या नालेसारखा प्रवास. मार्च २०२४ मध्ये मी तो दादाबरोबर इतक्या वेळा केला की शेवटी मेट्रोतला उद्घोषणेचा आवाज मला नात्यातला वाटायला लागला.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. अठ्ठावीस वर्षं न्यू जर्सीत. पासपोर्ट अमेरिकन, खिशात ओसीआय कार्ड, आणि मनात मुलुंड पूर्व. मावशीच्या नवघर रोडच्या घराजवळच एक दोन बेडरूमचा फ्लॅट विकाऊ आहे असं कळल्यावर तो तीन आठवड्यांची रजा टाकून आला. 'गुंतवणूक' हा शब्द तो विमानातून उतरल्यापासून वापरत होता. मावशीला वाटलं, मुलगा परत येतोय. त्याने तिला भाड्याच्या उत्पन्नाचं गणित समजावलं. तिने डाळिंब्यांची उसळ वाढली. दोघांचंही समाधान झालं.

पहिल्या दिवशी आम्ही एजंटाच्या ऑफिसात गेलो. एक टेबल, तीन खुर्च्या, आठ गणपती. किंमत ठरली एक कोटी चाळीस लाख. मालक मेलबर्नला. दादा खूश, म्हणाला, परदेशातला माणूस, व्यवहार स्वच्छ. एजंटाचा चेहरा मात्र जरा उतरला.

"मालक एनआरआय, तुम्ही पण एनआरआय. साहेब, टॅन काढलाय का?"

दादाने नकळत स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. फेब्रुवारीत तो फ्लोरिडाला जाऊन आला होता.

घरी आल्यावर मावशीला सांगितलं, टॅन काढायला लागेल. मावशी भजनी मंडळात आहे. तिने 'तान' ऐकलं. "त्यासाठी घाटकोपरला कशाला? आमच्या मंडळाच्या बाई सकाळी शिकवतात. पण आवाज आधी लावायला हवा रे बाळ, तुझा पहिल्यापासून जड."

घाटकोपरला जायचं होतं ते सीएकडे. मार्च महिन्यात सीएला भेटणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात जाऊन विठोबाशी निवांत बोलणं. जिन्यातच फायलींची थप्पी. आत गेल्यावर एका मुलाने आमच्या हातात चहा दिला आणि खुर्ची काढून घेतली. सीए मात्र सज्जन. डोळे कॉम्प्युटरवर ठेवूनच त्यांनी आम्हाला सगळं समजावलं.

"कसंय ना, पॅन म्हणजे तुम्ही कर भरता त्याचा नंबर. टॅन म्हणजे तुम्ही दुसऱ्याचा कर कापता त्याचा नंबर. घर विकणारा इथला रहिवासी असता, तर पन्नास लाखांच्या वरच्या घराला एक टक्का कापायचा, २६क्यूबी फॉर्म, पॅनवर काम भागतं. विकणारा परदेशात राहतो म्हटलं की कलम १९५. मग टॅन पाहिजे. न घेता कापलात तर दहा हजार दंड."

"कापायचं किती?"

"वीस टक्के, त्यावर सरचार्ज, त्यावर सेस. तुमच्या रकमेला तेवीस पूर्णांक ब्याण्णव."

दादाने फोनवर हिशेब केला. तेहेतीस लाख अठ्ठेचाळीस हजार आठशे. एक टक्क्याने झाले असते एक लाख चाळीस हजार.

"नफ्यावर ना?"

"कापायचं पूर्ण किमतीवर. कमी कापायला हवं असेल तर विकणाऱ्याने फॉर्म १३ भरून आयकर खात्याकडून दाखला आणायचा. ते त्यांचं काम. तुमचं काम टॅन."

म्हणजे असं, की न्यू जर्सीतल्या माणसाने मेलबर्नमधल्या माणसाचा कर मुलुंडमध्ये कापायचा. दोघांपैकी कोणीही इथे राहत नाही. राहतो तो फक्त फ्लॅट.

निघता निघता दादाने हळूच विचारलं, "आणि कोकणात एखादी आंब्याची बाग घेतली तर?" सीएंनी पहिल्यांदा स्क्रीनवरून मान वर केली. शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस ओसीआयवाल्याला विकत घेता येत नाही, म्हणाले. वारशाने आली तर चालते. दादा एकदम गप्प झाला. त्याच्या वडिलांनी कोकणातली बाग विकली होती ती ह्याला अमेरिकेला पाठवण्यासाठीच.

घाटकोपर स्टेशनातून वर चढलं की मेट्रो. २०१४च्या जूनमध्ये ही पहिली मार्गिका सुरू झाली, वर्सोव्यापर्यंत बारा स्टेशनं. दादा अमेरिकेला गेला तेव्हा घाटकोपरहून अंधेरीला जायला बसमध्ये दीड तास लागायचा, त्यामुळे वीस-एक मिनिटांत अंधेरी येणार हे त्याला फसवणूक वाटत होतं. असल्फ्याच्या टेकडीवरची रंगवलेली घरं दिसली तसे त्याने फोटो काढले आणि लगेच वहिनीला पाठवले. मग त्याला अमेरिका आठवली.

"तिकडे माझी छोटी कंपनी आहे, भाड्याच्या घरासाठी. तिचा टॅक्स नंबर मी घरबसल्या दहा मिनिटांत काढला. फुकट."

"रात्री?"

"नाही, रात्री ती वेबसाइट बंद असते."

"वेबसाइट बंद असते?"

"त्यांच्या ऑफिसच्या वेळा आहेत."

"आणि समजा मी, बोरिवलीचा माणूस, तुमच्याकडे असा नंबर काढायला आलो तर?"

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. साकीनाका आलं, गेलं. "तुमच्याकडे तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर नसणार. मग ऑनलाइन नाही होत. फोन करायचा किंवा..."

"किंवा?"

"फॅक्स."

चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात परदेशी पाहुण्याला फॅक्स करावा लागतो हे ऐकून मला इतका आनंद झाला की मरोळ नाक्यापासून अंधेरीपर्यंत मी एकही टोमणा मारला नाही.

अंधेरीला टॅन-पॅनचे अर्ज घेणारं एक केंद्र आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. रिक्षाने पूर्वेकडून पश्चिमेला निघालो. त्या दिवसांत गोखले पूल हे अंधेरीकरांचं आवडतं दुःख होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालेला पूल २६ फेब्रुवारीला एका बाजूने उघडला, आणि उघडल्यावर लोकांना दिसलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्याशी जुळतच नाही. दोघांच्या उंचीत चांगलं माणूसभर अंतर. नवा पूल वर, जुना खाली, आणि मधल्या हवेत सगळ्या मुंबईचे विनोद. दादाने रिक्षावाल्याला विचारलं, हे असं का? रिक्षावाला म्हणाला, "रिश्ता पक्का है साहब, बस मिलना बाकी है."

दादाच्या मांडीवर एक फाइल होती. तिचं वर्णन करायला हवं, कारण पुढचे दोन आठवडे ती आमच्याबरोबर लोकलचं तिकीट न काढता फिरली. जाड, निळी, झिपवाली. आत पासपोर्टच्या सतरा झेरॉक्स, ओसीआय कार्डाच्या सतरा, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, न्यू जर्सीतल्या घराचं वीजबिल, त्यावर अमेरिकन नोटरीचा शिक्का, शिवाय मावशीचं वीजबिल, मावशीचा आधार आणि मावशीने स्वतःहून टाकलेली दादाची कुंडली. 'तिकडे कागद कमी पडतात' असं प्रत्येक अनिवासी भारतीयाला प्रत्येक अनिवासी भारतीय सांगत असतो.

केंद्रावरची रांग सरकली. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काय?"

"टॅन." दादाने फाइलची झिप उघडली. आवाज अर्ध्या हॉलला ऐकू गेला.

"फॉर्म ४९बी. कागद काही लागत नाहीत."

"म्हणजे पासपोर्ट?"

"नाही."

"पत्त्याचा पुरावा?"

"टॅनला जोडपत्र नसतं. फॉर्म भरा, सही करा. ऑनलाइनच भरा ना घरी, इथे आज सर्व्हर डाउन आहे."

मी दादाला इतका निराश झालेला याआधी एकदाच पाहिला होता, शाळेत पाठ केलेली अख्खी कविता परीक्षेत विचारली गेली नाही तेव्हा. त्याने तरी ओसीआयची एक झेरॉक्स काउंटरवर ठेवली. मुलाने ती प्रेमाने परत सरकवली.

असे आम्ही नालेच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या घरी बोरिवलीला आलो. अंधेरीहून संध्याकाळी साडेसहाची गाडी पकडण्याबद्दल मी लिहीत नाही. दादा आत कसा शिरला हे त्यालाही माहीत नाही. फाइल त्याच्या आधी शिरली होती आणि तिला बसायला जागाही मिळाली होती.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ४९बी हा फॉर्म मुळात कारखाने, बँका आणि सरकारी खात्यांसाठी बेतलेला. केंद्र सरकार आहात का, स्वायत्त संस्था आहात का, कंपनीची शाखा आहात का, असं विचारत विचारत तो शेवटाकडे माणसापर्यंत येतो. दादाने दोनदा वाचून 'व्यक्ती' निवडली. मग एरिया कोड, एओ टाइप, रेंज कोड, एओ नंबर. हे चार आकडे म्हणजे तुमची फाइल कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पडणार त्याची कुंडली. ते सीएंनी व्हॉट्सअॅपवर पाठवले, रात्री सव्वाबाराला, मार्च असल्यामुळे.

पत्ता भारतातलाच द्यावा लागतो. मावशीचा दिला. आणि लगेच प्रश्न आला: राष्ट्रीयत्व. भारतीय की परदेशी. दोनच चौकोन.

दादाचं बोट बराच वेळ हवेत होतं. नवघर रोडचा पत्ता लिहून झाल्यावर पुढच्याच ओळीला 'परदेशी'वर खूण करायची. मी त्याला धीर द्यायला म्हटलं, अरे, इन्कम टॅक्स या देशात आणला तोच मुळी परदेशी माणसाने. जेम्स विल्सन, स्कॉटलंडचा, 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढणारा. १८६० मध्ये त्याने कर बसवला आणि त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्याला वारला.

"त्याने टॅन घेतला होता?" दादाने विचारलं आणि खूण केली.

फी शंभराच्या आतली. दादाचं अमेरिकन कार्ड तीनदा नाकारलं गेलं, तेव्हा माझं वापरलं. एक कोटी चाळीस लाखांच्या घराचे पहिले पैसे मी भरले, हे मी मावशीला आवर्जून सांगितलं आहे.

चौदा आकडी पोचपावती आली. तिची प्रिंट काढायची, सही करायची आणि पंधरा दिवसांच्या आत पाठवायची. कुठे? पुण्याला. मुंबईतल्या माणसाचे मुंबईचे नंबर पुण्यात तयार होतात! दादा अठ्ठावीस वर्षं परदेशात राहिलेला असला तरी मुंबईकर आहे. त्याला हे राष्ट्रीयत्वाच्या चौकोनाहून जास्त लागलं. बोरिवली स्टेशनासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली, तिथेच पाकीट घेतलं, वर ठळक अक्षरात 'टॅनसाठी अर्ज' आणि तो चौदा आकडी नंबर लिहिला. कुरिअरवाला म्हणाला, परवा पोचेल. दादाने विचारलं, दुपारी की सकाळी? कुरिअरवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि सकाळी म्हणाला.

नऊ दिवसांनी ईमेल आली. मुलुंडला मावशीच्या गॅलरीत दादाने ती मोठ्याने वाचली. टॅन दहा अक्षरांचा असतो: चार अक्षरं, पाच आकडे, शेवटी एक अक्षर. पहिली तीन अक्षरं शहराची. एम, यू, एम. चौथं अक्षर त्याच्या नावाचं. पासपोर्ट अमेरिकेचा, कार्ड ओसीआयचं, आणि हा एकच नंबर असा, ज्यात मुंबईच्या शेजारी त्याचं नाव बसलेलं. मावशीने देवापुढे साखर ठेवली. गाता न येणारी तान शेवटी लागली होती.

त्या दुपारी साडेतीनला व्हिडिओ कॉल ठरला होता. तेव्हा मेलबर्नला रात्रीचे नऊ, न्यू जर्सीत पहाटेचे सहा. मालकांनी फॉर्म १३चा अर्ज केल्याचं सांगितलं. दादाने टॅन वाचून दाखवला, थोडा लय घेऊन. वहिनी कॉफीचा कप घेऊन एका चौकटीत बसली होती, ती इतका वेळ काही बोलली नव्हती.

"भाऊजी," ती मला म्हणाली, "तिकडे बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटी कमी लागते ना?"

लागते. मुंबईत सहा टक्के, स्त्री खरेदीदाराला राहत्या घरासाठी एक टक्का सवलत. एक कोटी चाळीस लाखांवर एक लाख चाळीस हजार. एजंट, जो इतका वेळ आठ गणपतींसारखा शांत होता, म्हणाला, "वहिनी बरोबर बोलतात."

"मग घर माझ्या नावावर का नाही?"

मेलबर्नमधले गृहस्थ आपल्या चौकटीत खूप हसले. दादाने सीएंना फोन लावला. ते म्हणाले, होईल की, घर वहिनींचं, पैसे वहिनींच्या खात्यातून, कापणाऱ्या वहिनी, टॅन वहिनींचा. पण त्याआधी वहिनींचा पॅन लागेल.

वहिनीकडे पॅन नव्हता. परदेशी नागरिकाचा पॅनचा फॉर्म वेगळा, ४९एए. आणि याला मात्र कागद लागतात: ओळखीचे, पत्त्याचे, साक्षांकित. दादाने सवयीने निळी फाइल ओढली. सतरा झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, कुंडली. लग्नाचा दाखला सोडला तर वहिनीचा एकही कागद तिच्यात नव्हता.

मावशी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दादा चपला घालत होता.

"आता कुठे निघालास?"

"घाटकोपरला," तो म्हणाला, आणि फाइल तिथेच कोचावर ठेवून गेला.