चार क्रेडिटचा आंबा

मे महिन्यात रत्नागिरीचा माणूस कॉलेजात जातो तो दोनच कारणांनी. एक तर तिथे परीक्षेचं सेंटर लागलेलं असतं, नाहीतर आवारातली कलमं त्याने कराराने घेतलेली असतात. आता तिसरं कारण निघालं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने सुट्टीलाही कामाला लावलं आणि ‘उन्हाळी अभ्यासक्रम’ नावाची वस्तू आमच्या लहान गावातल्या लहान कॉलेजापर्यंत येऊन पोचली. तिकडे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठ १८७१ पासून उन्हाळी वर्ग चालवतं. ते लोण आमच्याकडे यायला दीडशे वर्षं लागली, पण त्याबद्दल तक्रार नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली होती, तेव्हा कोकणात वेळेवर येणं म्हणजे काय हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

प्रकरण असं आहे. २०२० च्या धोरणात ‘मल्टिपल एन्ट्री, मल्टिपल एक्झिट’ अशी सोय आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला किमान ४० क्रेडिट जमवायचे. एवढ्यावरच थांबायचं असेल, तर उन्हाळ्यात आणखी ४ क्रेडिटचा व्यवसायाचा कोर्स किंवा इंटर्नशिप करायची, की हातात सर्टिफिकेट. दुसऱ्या वर्षाअखेर ८० आणि वर ४ झाले, की डिप्लोमा. गेलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो, मात्र पदवी सात वर्षांत उरकली पाहिजे. थोडक्यात, शिक्षणाला आता मागचं दार, पुढचं दार आणि पडवी असं सगळं काही आहे.

पण एन्ट्री-एक्झिटचं कौतुक रत्नागिरीला कुणी सांगू नये. टिळक इथे १८५६ मध्ये जन्मले आणि दहाव्या वर्षी पुण्याला गेले, म्हणजे त्यांनी फारच लवकर एक्झिट घेतली. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, १९१० मध्ये राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षांत त्याचे क्रेडिट किती जमले कोण जाणे, एक्झिटचा फॉर्म मात्र शेवटपर्यंत मंजूर झाला नाही. सावरकरांना १९२४ ते १९३७ जिल्ह्याची हद्द ओलांडायला बंदी होती. त्या मुदतीत त्यांनी गावोगाव फिरून जे केलं, त्याला हल्ली ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ म्हणतात आणि त्यासाठी जिओ-टॅग केलेले फोटो जोडावे लागतात.

ही झाली मोठी माणसं. साध्या कोकणी माणसाने तर ही पद्धत धोरण येण्याआधी चार पिढ्या राबवली. दहावी झाली की मुंबईला एक्झिट. गणपतीला एन्ट्री, विसर्जनाला एक्झिट. शिमग्याला एन्ट्री, पालखी अंगणात नाचून गेली की एक्झिट. मे महिन्यात बायकामुलांसह एन्ट्री आणि आंब्याच्या पेटीसह एक्झिट. ह्या अभ्यासक्रमाचं सर्टिफिकेट म्हणून कोकण रेल्वेचं वेटिंगचं तिकीट मिळतं.

तर आमच्या वाडीतला एक मुलगा. बी.ए.चं पहिलं वर्ष झालं, चाळीसच्या चाळीस क्रेडिट गाठीला. घरची ओढाताण, म्हणून जूनपासून भांडुपला काकांकडे जायचं घाटत होतं. रिकाम्या हाताने जाऊ नये, निदान सर्टिफिकेट तरी असावं, असा त्याचा साधा विचार. त्यासाठी उन्हाळी कोर्सला नाव घालायचं होतं. धोरणाच्या पुस्तिकेत ह्या कामाला एक वाक्य लागतं.

आधी ‘अपार’ आयडी. मग ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये खातं. खात्यासाठी आधार, आधारसाठी ओटीपी. वाडीत रेंज नाही, ती सड्यावर येते. मुलगा सड्यावर गेला तर ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील बोटीवर. बोट बंदराला लागली तेव्हा ओटीपी कालबाह्य. दुसऱ्या खेपेला ओटीपी आला, तर आधारवर आडनाव ‘कर’ने संपतं आणि मार्कलिस्टवर नुसतं कुळाचं नाव. संगणक म्हणाला, ही दोन माणसं आहेत. आजोबा म्हणाले, “बरं झालं. दोन माणसं तर दोन रेशनकार्डं मागून बघ.”

खात्यात क्रेडिट जमा होतात म्हटल्यावर आजोबांनी बारीक चौकशी केली. त्यांना पतपेढीचा अनुभव आहे.

“व्याज किती?”

“व्याज नसतं, आजोबा.”

“काढता कधी येतात?”

“काढायचे नसतात. पदवीला लावायचे असतात.”

“आणि नाय लावले तर?”

“सात वर्षांनी बाद होतात.”

“मग बँक कशाला म्हणतात? आमची पतपेढी बुडाली तेव्हा निदान चेअरमन तरी पळाला होता.”

ओळखपत्राचं निस्तरल्यावर पोरगा खिडकीवर गेला. कॉलेजने कोर्सची यादी लावली होती. टॅली, ब्यूटी अँड वेलनेस, व्यक्तिमत्त्व विकास आणि फळप्रक्रिया. रत्नागिरीत, भर आंब्याच्या हंगामात, फळप्रक्रिया! पोराने हुरळून जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की प्रात्यक्षिक टोमॅटो केचपचं आहे. अभ्यासक्रम ज्यांनी घाटावर बसून केला त्यांच्याकडे टोमॅटो होतो. शिवाय आंब्याला बजेट नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डझनाचा भाव काय असतो हे कॉलेजच्या लेखापालालाही माहीत असतं.

मुलगा म्हणाला, “सर, मग मी इंटर्नशिप करतो. तशीही करतोच आहे. आजोबांच्या बागेत.”

तो काय करतो ते इथे सांगितलं पाहिजे. पहाटे उजाडायच्या आत तो कलमावर असतो. चौदा आणे तयार झालेलं फळ कुठलं हे रंगावरून, खांद्यावरून आणि देठाजवळच्या खळीवरून ओळखतो. झेल्याने ते देठासकट उतरवतो, कारण देठ तुटला की चीक ओघळतो, सालीवर डाग पडतो आणि वाशीला पेटीतून जायचा तो आंबा कॅनिंगच्या क्रेटमध्ये जाऊन पडतो. उतरवलेला माल सावलीत आणून वजनाप्रमाणे निवडतो. तराजू असतो, पण लागत नाही. फळ तळहातावर घेतलं की ते पाच डझनाच्या पेटीचं की सहाच्या, हे तळहातच सांगतो. मग माडीवर भाताचा पेंढा पसरून अढी लावतो, आणि मधेमधे ती उघडून तयार फळ वेगळं काढतो, कारण एक कुजलं की शेजारच्या चार जणांना घेऊन जातं. मधल्या वेळात वानरं हाकलतो.

कारकुनाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “संस्थेचं नाव?”

“संस्था नाही. आजोबा आहेत.”

“आजोबांची नोंदणी?”

“म्हणजे, जन्माची?”

“उद्योगाची. लेटरहेड हवं, शिक्का हवा, करारपत्र हवं. आणि मार्गदर्शकाची शैक्षणिक अर्हता.”

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबा कुठला, हे आता कायद्याने सिद्ध करता येतं. आंबेवाला कोण, हे सिद्ध करायला मात्र शिक्का लागतो. तो मुलाने रामआळीत करून आणला. लेटरहेड छापलं, त्यावर आजोबांच्या नावापुढे ‘ॲग्रो’ असा शब्द लागला. पद : इंडस्ट्री मेंटॉर. अर्हता : जुनी फायनल. आजोबांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि विचारलं, “हे मेंटॉर म्हणजे आपल्यावर काय कर-बिर नाय ना बसणार?”

आता इंटर्नशिपचं गणित बघा. एका क्रेडिटला ३० तास, चार क्रेडिटला १२०. मुलगा पहाटे चारला उठून रात्री पेट्या ट्रकवर चढेपर्यंत राबणारा. त्याचे १२० तास दोन आठवड्यांत सरले. पण कॉलेजच्या तक्त्यात दिवसाला चारच तास बसत होते. बाकीचे तास त्याने कुठल्या कायद्याखाली काम केलं, असा प्रश्न आला असता, म्हणून ते त्याने केलंच नाही असं ठरलं.

शिवाय रोजची डायरी. ‘आज मी काय शिकलो’ हा रकाना भरल्याशिवाय दिवस मोजत नाहीत. पहिल्या दिवशी त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘आज वानरं आली.’ डायरी परत आली. शेरा होता, ‘अध्ययन निष्पत्ती लिहा.’ मग त्याने लिहिलं, ‘वन्यजीव व्यवस्थापन व संघर्ष निवारण.’ मान्य. आजोबांनी देठ मोडल्याबद्दल शिव्या दिल्या, तो दिवस ‘गुणवत्ता नियंत्रण व प्रतिसाद यंत्रणा’ ह्या नावाखाली गेला. दलालाने भाव पाडला, त्याचं ‘मूल्य साखळीतील वाटाघाटी’ झालं. जिओ-टॅगच्या फोटोची मात्र पंचाईत झाली. बागेत रेंज नसल्यामुळे मोबाइलने स्वतःच्या अंदाजाने जागा लिहिली, आणि कागदोपत्री आमच्या मुलाने अढी लावली ती मिऱ्याच्या समुद्रात. तो फोटोही मान्य झाला. कॉलेजला अक्षांश-रेखांश हवे होते, बाग नको होती.

मला विचाराल तर विद्यापीठाने कोकणासाठी वेगळी यादीच काढावी. मुंबईहून आलेल्या भावकीबरोबर सात-बाराचा विषय न निघता पंधरा दिवस काढणे : चार क्रेडिट. तळाला गेलेल्या विहिरीच्या पाण्यावर बारा पाहुण्यांच्या आंघोळी : प्रात्यक्षिक, दोन क्रेडिट. ‘ह्या वर्षी आंबा कमी आहे’ हे वाक्य दरवर्षी नव्या कारणासह म्हणणे, थंडी, अवकाळी, तुडतुडा, फुलकिडी : सिद्धान्त आणि सराव मिळून चार. फणसाचे गरे, सांदणं आणि कुळथाची पिठी ह्यांवर निभावून नेलेला महिना ‘भारतीय ज्ञान परंपरे’त धरायला कुणाची हरकत नसावी.

हसण्यावारी नेलं तरी ह्यात एक जुनं दुखणं आहे. हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो. फळ बाहेरून केशरी, वास घमघमता, साल चकचकीत. कापलं की आत पांढरा, बेचव गाळा. बाहेरून तो कळत नाही, म्हणून गिऱ्हाईक पेटी घेतं आणि घरी जाऊन कपाळाला हात लावतं. क्रेडिटचं तसंच होत चाललं आहे. वरून सगळं रसरशीत : मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्यवर्धन, मूल्यशिक्षण. आत शिकवायला माणूस नाही. साक्यावर निदान कोकण कृषी विद्यापीठाने उपाय केला; नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये ‘रत्ना’ काढला, त्यात साका होत नाही. बाजार मात्र हापूसच मागतो. पदवीच्या बाजाराचंही त्याहून वेगळं नाही. आत काय आहे हे सुरी लागेपर्यंत कुणी विचारत नाही, आणि सुरी लागते ती पहिल्या मुलाखतीत.

माणूस नाही म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. तासिका तत्त्वावरचे सर आहेत. नेट, सेट आणि पीएचडी अशा तीन पायऱ्या चढून ते एका तासाच्या भावाने शिकवतात. तास झाला तर पैसे. सुट्टी पडली तर सुट्टीचे शून्य. आणि झालेल्या तासांचं बिल कुठल्या टेबलावर आहे ह्याचा शोध हा त्यांचा चालू संशोधन प्रकल्प. कॉलेजने आमच्या मुलाला ‘प्राध्यापक मार्गदर्शक’ म्हणून हेच सर नेमून दिले. त्यांनी इंटर्नशिपच्या जागी भेट द्यावी, काम तपासावं, गुण द्यावेत. भेटीसाठी भत्ता नाही, कारण मे महिन्यात सर कॉलेजचे कुणी लागत नाहीत. गुण देण्यापुरते मात्र लागतात.

भेटीचा प्रश्न आपोआप सुटला. सर आधीच आजोबांच्या शेडमध्ये होते. एप्रिलअखेर तास संपले, तेव्हाच ते पेट्या भरायच्या कामाला लागले होते. हिशेबाला चोख, अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे पेटीवर नाव-नंबर घालायचं काम त्यांच्याकडे. आंबा भरण्यात मात्र हात बसेना. पहिल्या दिवशी त्यांनी फळं चेपून बसवली, तेव्हा मुलाने त्यांच्या हातातली पेटी हलकेच काढून घेतली, वरचा थर उचलून खाली पेंढा सारखा केला आणि फळं पुन्हा रचून दाखवली. “सर, अशी. दाबायची नाय. वाशीपर्यंत तिला श्वास घ्यायचाय.” सरांनी मान डोलावली. नंतर संध्याकाळी त्याच हाताने त्यांनी मुलाच्या डायरीत शेरा लिहिला : ‘विद्यार्थी मार्गदर्शनाखाली प्रगती करत आहे.’ कुणाच्या मार्गदर्शनाखाली, हे विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नाही.

महिनाअखेर दोघांचेही १२० तास भरले. आजोबांनी लेटरहेडवर मुलाला प्रमाणपत्र दिलं, शिक्का जरा तिरका उमटला. मुलाच्या खात्यात चार क्रेडिट जमा झाले, आणि आता तो सर्टिफिकेट घेऊन भांडुपला जायला मोकळा आहे; धोरणाच्या भाषेत ही यशस्वी एक्झिट. बागेतलं काम येणारा वाडीतला शेवटचा पोरगा त्यामुळे बागेतून गेला, पण त्याची नोंद ठेवणारी बँक अजून निघालेली नाही.

सरांना क्रेडिट नाही. त्यांना आजोबांनी मजुरी दिली, शनिवारच्या शनिवारी, रोख. सरांनी नोटा दोनदा मोजल्या. आजोबांना वाटलं, कमी भरल्या.

“बरोबर आहेत हो,” सर म्हणाले. “वेळेवर मिळाल्यात ना, म्हणून जरा खात्री करून घेतली.”