अ, ब आणि माझा ब्लाउज

एलएल.बी.च्या पहिल्या वर्षी, कॉन्ट्रॅक्टच्या पेपरला 'रेमेडीज' नावाचं मोठं प्रकरण आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा आजीचा चेहरा उजळला.

"गुडघ्यावर काही आहे का गं त्यात?"

"नाही गं आजी. कुणी करार मोडला तर आपल्याला काय मिळतं, ते आहे."

"काय मिळतं?"

"बहुतेक वेळा पैसे. नुकसानभरपाई."

"आणि त्यानं नाहीच दिले तर?"

"मग दरखास्त लावायची. पुन्हा कोर्ट."

आजीने जपमाळेचा मणी पुढे सरकवला. "त्यापेक्षा सुंठ बरी," म्हणाली.

या प्रकरणाचे नायक दोन, अ आणि ब. १८७२ च्या करार कायद्यात कलम ७३ खाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत हे दोघे दीडशे वर्षं एकमेकांशी व्यवहार करत आहेत आणि एकही धड पार पडलेला नाही. अ पन्नास मण सोरा द्यायचं कबूल करतो आणि देत नाही. ब चं जहाज एक जानेवारीला मुंबईत माल भरणार असतं, ते मुंबईकडे फिरकतच नाही. अ आगाऊ पैसे घेऊन ब चं घर दुरुस्त करतो, तेही ठरल्यापेक्षा भलतंच. आमच्याकडे एवढं झालं असतं तर नातवंडांपर्यंत बोलणं बंद असतं. हे दोघे मात्र पुढच्या उदाहरणात नवा करार करायला ताजेतवाने हजर.

आमच्या सरांचा लाडका खटला १८५४ चा, हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल. ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा मुख्य दांडा मोडला. तो नमुना म्हणून ग्रिनिचला पाठवायचा होता, म्हणजे तसाच नवा करून मिळाला असता. वाहतूकवाल्यांनी उशीर केला, गिरणी तेवढे दिवस जास्त बंद राहिली. बुडालेला नफा मागता येईल का? कोर्ट म्हणालं, करार मोडल्यावर जे नुकसान ओघानेच होतं, ते मागा. त्यापलीकडचं काही खास नुकसान असेल, तर ते करार करतानाच दोघांच्या डोळ्यांसमोर असायला हवं. आपलं कलम ७३ हेच सांगतं. सर तीन तास शिकवत होते. मी वहीत एका ओळीत उतरवून घेतलं: 'काय बुडणार आहे ते आधी सांगा.'

हे लिहून घेतल्याच्याच आठवड्यात मी मामेबहिणीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला. शिंपीकाकांनी मापं घेतली, पावती फाडली आणि विचारलं, "कधी हवाय?" आणि मी, कलम ७३ ची ताजी विद्यार्थिनी, आमच्या घराण्याच्या भिडस्तपणाला जागून म्हणाले, "सवडीनं द्या काका, गडबड नाही."

काकांनी सवड घेतली. गुरुवारी म्हणाले सोमवारी, सोमवारी म्हणाले, "हातशिलाई तेवढी राहिलीये." लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा ब्लाउजचं कापड त्यांच्या कपाटात घडी करून तसंच होतं. कात्रीसुद्धा लागली नव्हती.

मी पुस्तक उघडलं. खास नुकसान मागावं, तर लग्नाचा शब्द मी काढलाच नव्हता. दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च पहिल्याकडून वसूल करायची सोय २०१८ पासून स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम २० मध्ये आली आहे. पण त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, किमान ३० दिवसांची. तोवर मामेबहीण हनिमूनहून परत आली असती. मनस्तापाचे पैसे? सत्तरच्या दशकात इंग्लंडमधल्या एका वकिलाला स्वित्झर्लंडच्या फसलेल्या सहलीबद्दल १२५ पौंड मिळाले होते. दुसऱ्या आठवड्यात सहलीत कबूल केलेल्या 'हाउस पार्टी'त तो एकटाच पाहुणा उरला होता आणि गाणारा माणूस कामावरच्या कपड्यांत येऊन चार-पाच गाणी घाईघाईने उरकून गेला होता. वाचून बरं वाटलं, पण पौंडांत ब्लाउज शिवून मिळत नाही.

मावशी म्हणाली, "माझा घाल, सहा सेफ्टी पिना लावू." कायदा मावशीच्या बाजूने होता. नुकसान कमी करायला हाताशी काय साधन होतं, हे भरपाई ठरवताना बघायचंच असतं. सहा पिना हे साधनच.

उरला शेवटचा उपाय: ठरलेलं कामच करून घेणं. पण ज्या कामावर कोर्टाला सतत देखरेख ठेवता येत नाही, किंवा जे एखाद्याच्या हातच्या कसबावरच अवलंबून आहे, ते कोर्ट सहसा सक्तीने करून घेत नाही. शिंपीकाकांच्या बाबतीत दोन्ही लागू. मी पुस्तक मिटलं.

आई इतका वेळ ऐकत होती. तिने गवारीची पिशवी उचलली, परात घेतली आणि दुकान गाठलं. तिथल्या स्टुलावर बसून ती गवार मोडू लागली. भांडण नाही, आवाज नाही. काकांनी मान वर केली की ती फक्त विचारायची, "बाही झाली?" तीन तासांत गवार संपली आणि ब्लाउजही झाला. डावी बाही बोटभर लांब होती, पण अ ने दुरुस्त केलेल्या ब च्या घरापेक्षा बरी.

कॉन्ट्रॅक्टला मला ५२ मार्क पडले. हॅडलीचा प्रश्न आला होता, मी चार पानं लिहिली. आईचं उत्तर मात्र कुठल्याच कलमात बसलं नाही, म्हणून गाळलं.

तुम्हाला फी न घेता एवढंच सांगते: कापड टाकताना लग्नाची तारीख मोठ्याने सांगा, पावतीवर लिहून घ्या, आणि 'सवडीनं द्या' हे शब्द तोंडातून काढू नका.