जिजाऊंच्या चित्रातून काय पुसलं गेलं?

१२ जानेवारी, जिजाऊंची जयंती, जवळ आली की सिंदखेडराजाचे रस्ते जिजाऊंच्या फलकांनी भरून जातात. बहुतेक फलकांवर चित्र एकच. डोक्यावर पदर, कपाळावर प्रसन्न शांती, शेजारी लाकडी तलवार धरलेला बाल शिवबा, मागे केशरी किरणं. पण जिजाऊंचं समकालीन, विश्वासार्ह चित्र उपलब्धच नाही. आपण हात जोडतो तो चेहरा चित्रकारांच्या कल्पनेतून आलेला आहे.

त्या चित्रकारांबद्दल मला आदरच आहे. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. पुढे चित्रकार धुरंधरांनी शिवकाळ तैलरंगात उभा केला. इंग्रज आपल्या पूर्वजांना लुटारू ठरवत होते, तेव्हा घराघरांतल्या भिंतींवर लागलेल्या या रंगीत छापांनी लोकांची मान ताठ ठेवली. त्या काळाची ती गरज होती. आपण मात्र कल्पनाचित्राला पुरावा मानून बसलो आणि जे चित्रात आलं नाही ते घडलंच नाही, अशी समजूत करून घेतली.

सिंदखेडचा रंगमहाल घ्या. रंगपंचमीला बाल शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उधळतात, जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव कौतुकाने म्हणतात की जोडा छान शोभतो, आणि शहाजींचे वडील मालोजीराव भोसले तिथल्या तिथे सोयरीक जाहीर करून टाकतात. ही गोष्ट उत्तरकालीन बखरींतली. ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात ती सांगितली आणि चित्रकारांना आयता प्रसंग मिळाला. शिवरायांच्या हयातीत लिहिलेल्या परमानंदाच्या शिवभारतात मात्र हा रंग नाही. तिथे निजामशाहीतल्या दोन मातब्बर सरदार घराण्यांची सोयरीक आहे.

त्या सोयरिकीचं पुढे काय झालं, तेही शिवभारत सांगतं. दरबारातून परतताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्यावरून जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. जिजाऊंचे भाऊ दत्ताजी मारले गेले, शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी मारले गेले. माहेर आणि सासर समोरासमोर तलवार घेऊन उभं राहिलं. हे चित्र कुठल्या दिवाणखान्यात लागलेलं पाहिलंय का?

याहून भयंकर दिवस २५ जुलै १६२९ चा. दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला गेलेल्या लखुजीरावांना, त्यांचे मुलगे अचलोजी व राघोजी यांना आणि नातू यशवंतराव यांना निजामशहाने दगा करून ठार मारलं. एकाच दिवशी वडील, दोन भाऊ, भाचा. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. स्वराज्याची आस बाळाला गोष्टी सांगूनच जागी झाली असं आपण मुलांना शिकवतो. सुलतानाच्या एका इशाऱ्यावर कर्त्या घराण्याची माणसं कशी कापली जातात, हे ज्या बाईने सोसलं, तिला पराक्रमाच्या कथा पोथीतून शोधाव्या लागल्या असतील का?

लखुजीरावांची भव्य समाधी सिंदखेडराजातच आहे. राजवाड्याच्या दरवाजापुढे फोटो काढून परतणाऱ्यांनी तिथे जावं. त्या घुमटाखाली उभं राहिलं की फलकावरची प्रसन्न शांती किती खोटी आहे ते कळतं.

चित्राने जिजाऊंचं कर्तेपणही पुसलं. १६६६ साली शिवराय आग्र्याला निघाले तेव्हा राज्याचा कारभार आईच्या हाती सोपवून गेले. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा मुलाला सोडवायला त्या स्वतः निघाल्या होत्या, असं शिवभारत सांगतं. त्यांच्या नावाची आज्ञापत्रं आहेत, तंट्यांत त्यांनी घातलेलं लक्ष आहे. पण कारभार पाहणारी, निवाडा करणारी, घोड्यावर बसायला सिद्ध झालेली साठीची बाई चित्रात बसत नाही. चित्राला हवी असते आई, तीही मांडी घालून बसलेली.

जे रंगवलं जात नाही ते विसरलं जातं, याचा दाखलाही याच तालुक्यात आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या रणावर निजामुल्मुल्काने मुघल सरदार मुबारिझखानाचा पाडाव केला. दख्खनचं पुढच्या सव्वादोनशे वर्षांचं राजकारण ज्या हैदराबादच्या निजामाभोवती फिरलं, त्याचं आसन इथे पक्कं झालं. या लढाईचं लोकप्रिय चित्र नाही, म्हणून साखरखेर्ड्याचं नाव बुलढाण्याबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

आता तर संगणक मिनिटभरात जिजाऊ बनवून देतो. गुळगुळीत गाल, सिनेमातल्यासारखे दागिने, डोळ्यांत तेज. धुरंधर निदान अभ्यास करून कुंचला उचलत, चित्राखाली सही करत. या नव्या चित्रांना ना चित्रकार, ना साल. उद्या शाळेतलं पोर हीच जिजाऊ म्हणून वहीवर चिकटवेल आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शाळा, ग्रामपंचायत, संग्रहालय, मिरवणूक, जिथे जिथे असं चित्र लागेल तिथे खाली ठळक अक्षरांत लिहा: कल्पनाचित्र, चित्रकार अमुक, साल अमुक. जिल्ह्यातल्या चित्रकारांनी दौलताबादचा तो दिवस रंगवावा, आणि १६६६ चा कारभार पाहणाऱ्या जिजाऊ रंगवाव्यात, कागदपत्रं समोर ठेवून. जिजाऊंना आपण राष्ट्रमाता म्हणतो. मग त्यांचं दुःख आणि त्यांचा अधिकार, दोन्ही पोरांना सांगण्याची हिंमत ठेवा.