कॅन्टीनच्या मेनूचं रक्षण केल्याबद्दल आभार

प्रति,
मा. मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी,
कंपनी: कोणतीही. मुक्काम: हिंजवडी, खराडी, ऐरोली, किंवा काचेची इमारत जिथे असेल तिथे.

विषय: प्रत्येक मेलवर गोपनीयतेचं लेबल सक्तीचं केल्याबद्दल अभिनंदन.
वर्गवारी: हायली कॉन्फिडेन्शियल (वरचं लेबल निवडताना कुणी कारण विचारत नाही, म्हणून).

स. न. वि. वि.

तुमचं परिपत्रक पोहोचलं. यापुढे मेल पाठवताना आणि फाइल सेव्ह करताना पब्लिक, जनरल, कॉन्फिडेन्शियल, हायली कॉन्फिडेन्शियल यांपैकी एक लेबल निवडावंच लागेल, नाहीतर मेल जागचा हलणार नाही, असा त्याचा मथितार्थ. लेबल कसं लावावं हे शिकवणाऱ्या त्या परिपत्रकावरच 'कॉन्फिडेन्शियल' असं लाल अक्षरांत छापलेलं आहे आणि ते संचालकांपासून एजन्सीमार्फत आलेल्या कंत्राटी मुलांपर्यंत सगळ्यांना गेलेलं आहे. यावर हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तुम्ही एका थोर परंपरेचे पाईक आहात. आपल्या देशात १९२३ पासून शासकीय गुपितांचा कायदा आहे. त्यात शिक्षा सविस्तर सांगितल्या आहेत, पण 'गुपित' कशाला म्हणायचं याची व्याख्या नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये माहितीच्या अधिकारावरच्या आपल्या पहिल्याच अहवालात तो कायदा रद्द करा अशी शिफारस केली. कायदा जागेवर आहे. कोणत्या सरकारी कागदावर कोणता शिक्का मारायचा हे सांगणारी गृह खात्याची पुस्तिकाही सामान्य माणसासाठी खुली नाही. तेव्हा तुमचं परिपत्रक हे या घराण्याचं सर्वांत तरुण अपत्य समजून मी त्याचं स्वागत करतो.

तक्रारी बऱ्याच आहेत, पण त्या एकेका ओळीत उरकता येतील. प्रत्येक मेलच्या तळाशी मूळ मजकुरापेक्षा लांब इशारा असतो आणि मेल चुकून तुमच्याकडे आला असेल तर वाचू नका, हे तो सगळं वाचून झाल्यावर सांगतो. पगाराच्या स्लिपला पासवर्ड असतो, आणि तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल मिळून होतो हे त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं. हे सगळं मी सोसायला तयार आहे. जे सोसवत नाही ते तुमच्या त्या छोट्या चौकटीत आहे. 'जनरल' वरून 'कॉन्फिडेन्शियल' वर जायचं असेल तर एक क्लिक पुरते. का, असं कुणीही विचारत नाही. 'कॉन्फिडेन्शियल' वरून 'जनरल' वर उतरायचं म्हटलं की चौकट उघडते: आधीचं लेबल आता लागू नाही, आधीचं लेबल चुकलं होतं, की आणखी काही? कारण द्या. आणि ते कारण तुमच्याकडे नोंदवलं जाणार. थोडक्यात, झाकायला सबब लागत नाही, उघडायला लागते. संध्याकाळी सात वाजता बसचा शेवटचा फेरा गाठायची घाई असलेला माणूस अशा वेळी काय करेल? तो वरचं लेबल लावेल आणि निघेल. त्याला आळशी म्हणू नका. त्याने हिशोब केलेला आहे. कमी लेबल लावलं आणि काही बाहेर गेलं, तर त्याची चौकशी. जास्त लेबल लावलं आणि त्यामुळे पुण्यातल्या टीमला चेन्नईच्या टीमची चूक दोन आठवडे कळली नाही, तर कुणाचीच चौकशी नाही. ज्या व्यवस्थेत एका बाजूच्या चुकीला शिक्षा आहे आणि दुसऱ्या बाजूची चूक मोजलीच जात नाही, तिथे सगळे शहाणे एकाच बाजूला जाऊन बसणार. तुम्ही सावधपणा शिकवायला निघालात आणि घाबरटपणाला बक्षीस लावून बसलात.

याचा परिणाम काय होतो हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी १९७१ सालीच लिहून ठेवलं आहे. पेंटॅगॉन पेपर्सच्या, म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या गुप्त कागदपत्रांच्या, खटल्यातल्या त्यांच्या मताचा आशय असा, की सगळंच गोपनीय ठरवलं की काहीच गोपनीय उरत नाही. बेफिकीर लोक त्या शिक्क्याकडे काणाडोळा करतात आणि स्वतःला वाचवू पाहणारे त्याचा हवा तसा वापर करून घेतात. गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लागली, की ज्या एका घरात खरंच कुत्रा आहे तिथेच पोस्टमनच्या पायाचा लचका निघतो. तुमच्याकडेही खरे कुत्रे आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीत तक्रारदार बाईचं नाव उघड करायला २०१३ च्या कायद्याचं सोळावं कलम मनाई करतं. ते नाव खरोखर जपायचं आहे, कारण ते फुटलं तर एका माणसाचं आयुष्य नासतं. पण तुमच्या व्यवस्थेत त्या तक्रारीला मिळणारं लेबल कॅन्टीनच्या मेनूलाही मिळतं, दिवाळीच्या सुट्ट्यांच्या यादीलाही मिळतं आणि पार्किंगच्या स्टिकरांच्या तक्त्यालाही मिळतं. रोज पन्नास लाल पट्ट्या पाहणारी नजर एक्कावन्नाव्या पट्टीवर थांबत नाही. एखाद्या थकलेल्या हाताने ती तक्रार उद्या चुकीच्या माणसाला फॉरवर्ड केली, तर त्या हाताला सवय कुणी लावली, हा प्रश्न मी तुम्हालाच विचारणार.

तुम्ही म्हणाल, हे आम्ही हौसेने करत नाही, मानकच तसं सांगतं. मानक पाहू. आयएसओ २७००१ च्या २०२२ च्या आवृत्तीत एकूण ९३ नियंत्रणं आहेत, त्यांतलं ५.१२ माहितीच्या वर्गवारीबद्दल आहे आणि ५.१३ लेबल लावण्याबद्दल. वर्गवारी कशावरून करायची? गोपनीयता, अचूकता आणि हवी तेव्हा उपलब्ध असणं या तीन गरजा पाहून, शिवाय माहितीशी संबंध असलेल्यांच्या अपेक्षा पाहून. या तीन गरजांपैकी तुमच्या चौकटीला एकच दिसली. एखाद्या आकड्यात चूक झाली तर काय होईल, तो आकडा हवा असलेल्याला वेळेवर मिळाला नाही तर काय होईल, हे तुमची चारही लेबलं विचारत नाहीत. जोखीम तपासून कोणतं नियंत्रण कुठे आणि किती लागू आहे हे लिहून काढा, असंही तेच मानक सांगतं. प्रत्येक मेलसमोर पहारेकरी उभा करा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते तुम्ही ऑडिटरच्या सोयीसाठी लिहिलंत, कारण 'शंभर टक्के मेलना लेबल' हे स्लाइडवर शोभून दिसतं आणि 'शंभर टक्के लेबलं बरोबर' हे कुणी तपासत नाही.

मग तुम्ही कायदा पुढे कराल. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियमही आता आले आहेत, आणि डेटा सांभाळण्यात हयगय झाली तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आकडा झोप उडवणारा आहे, मान्य. पण कायदा मागतो ती वाजवी सुरक्षाव्यवस्था: डेटा कूटबद्ध ठेवा, कुणाला काय दिसतं यावर ताबा ठेवा, नोंदी ठेवा. ही सगळी तुमच्या खात्याची कामं आहेत. लेबलाची चौकट उघडून तुम्ही ती आमच्या टेबलावर सरकवलीत. आधार क्रमांक किंवा पॅन असलेली फाइल बाहेर जात असेल तर ती ओळखून अडवणारी यंत्रणा बाजारात मिळते, तुमच्याकडे बहुधा विकत घेतलेलीही आहे. ज्याचा साचा ठरलेला आहे ते यंत्राने पाहावं. माणसाला फक्त तिथे विचारावं जिथे माणसाचीच अक्कल लागते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार: लेबलं नसती तर गळती आणखी झाली असती. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकाराखालच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेलची फाइल दिली. तिच्यात एक लपलेलं पान राहून गेलं होतं, आणि त्यात ९,४८३ पोलीस अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची माहिती होती. तिथे पोलिसाची ओळख फुटणं म्हणजे जिवाशी गाठ असते. पुढे दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. आता विचार करा, पाठवणाऱ्याला लेबल विचारलं असतं तर त्याने कोणतं लावलं असतं? तो ती फाइल जनतेला द्यायलाच बसला होता; त्याने 'पब्लिक' निवडलं असतं आणि प्रामाणिकपणे निवडलं असतं. माणूस लेबल लावतो ते फाइलमध्ये काय आहे असं त्याला वाटतं त्यावरून. तिच्यात खरोखर काय आहे हे त्याला माहीत नसेल, तर तुमची चौकट त्याच्या अज्ञानावर शिक्कामोर्तब करते. त्या दिवशी लपलेली पानं शोधणारी एक तपासणी हवी होती आणि पाठवण्याआधी फाइल उघडून पाहायला दुसरा माणूस हवा होता.

लेबल हा प्रकारच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. तुमच्याच व्यवसायात एक चांगलं लेबल आहे, आणि ते तुम्ही आम्हाला कधी दाखवलं नाहीत. सायबर हल्ल्यांची माहिती एकमेकांना देताना तुम्ही लोक ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल वापरता. लाल म्हणजे ज्यांना दिलं त्यांच्यापुरतंच, अंबर म्हणजे आपल्या संस्थेत आणि गरज असेल तर ग्राहकांपर्यंत, हिरवा म्हणजे आपल्या वर्तुळात, क्लिअर म्हणजे कुणालाही. ही पद्धत जन्मली तीच माहिती जास्त वाटली जावी म्हणून. हे पुढे कुणाला देता येईल, या मिळवणाऱ्याच्या प्रश्नाचं ती उत्तर देते. तुमचं 'कॉन्फिडेन्शियल' मिळवणाऱ्याला काहीच सांगत नाही. पाठवणारा घाबरलेला आहे, एवढंच त्यातून कळतं. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये आपल्या गुपितांच्या पायऱ्या कमी करून तीनच ठेवल्या, आणि सर्वांत खालच्या पायरीवरच्या रोजच्या कागदांवर शिक्का मारायची सक्ती तेव्हा ठेवली नाही. ज्यांनी आपल्याला शासकीय गुपितांचा कायदा दिला, त्यांनासुद्धा एवढं उमगलं.

इथे मला तुमची बाजूही दिसते, आणि ती मी उपरोध बाजूला ठेवून लिहितो. तुमची नोकरी भयंकर आहे. काही बिघडलं नाही तर तुमचं अस्तित्व कुणाला कळत नाही आणि बिघडलं तर तुमचंच नाव पहिलं येतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशानुसार हल्ल्याची खबर तुम्हाला सहा तासांत द्यायची असते, मग रात्रीचे तीन वाजले असोत. अमेरिकेत उबरच्या माजी सुरक्षाप्रमुखावर, जुनी डेटाचोरी दडवल्याबद्दल, २०२२ मध्ये फौजदारी गुन्हा शाबीत झाला, तेव्हा जगभरात तुमच्यासारख्या किती जणांच्या पोटात गोळा आला असेल! वर्षभर मागितलेली माणसं मिळत नाहीत, जुने सर्व्हर बदलायला पैसा मिळत नाही, आणि संचालकांच्या बैठकीत दाखवायला काहीतरी लागतं. लेबल स्वस्त असतं आणि दिसतं. मीही तुमच्या खुर्चीत असतो तर कदाचित तेच दाखवलं असतं. पण ते सहा तास आठवा. त्या रात्री तुम्हाला हवा असतो तो कुठल्या तरी टीमने तीन महिन्यांपूर्वी लिहिलेला, 'हायली कॉन्फिडेन्शियल' करून आठ जणांपुरता बंद केलेला आराखडा. त्या आठांतले पाच कंपनी सोडून गेलेले असतात.

तुमची भीती मी समजून घेतली, पण तुमच्या लेबलाआड जे लोक बसतात त्यांना माफ करायला मी तयार नाही. गोपनीयतेचा शिक्का कंपनीला चोरांपासून वाचवतो त्यापेक्षा जास्त वेळा साहेबाला हाताखालच्या माणसापासून वाचवतो. सरकारी नोकरीत 'गोपनीय अहवाल' नावाचा कागद पिढ्यान्‌पिढ्या होता. ज्याच्याबद्दल लिहिला त्यालाच तो दाखवत नसत. सीमा रस्ते विभागातल्या एका अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला, बढतीला 'फार चांगला' हवा होता, आणि शेरा काय आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं, की प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. सरकारी कर्मचाऱ्याला न्यायालयाने जे मिळवून दिलं, ते खासगी कंपन्या आता एका ड्रॉपडाऊनने काढून घेत आहेत. पगारवाढीचे निकष गोपनीय, मूल्यमापनाची सूत्रं गोपनीय, माणसं कमी करायचं ठरलं तर ती यादी कशी बनली हे अतिगोपनीय. प्रश्न विचारणाऱ्याला 'ही माहिती वर्गीकृत आहे' एवढं उत्तर पुरतं, कारण लेबल का लावलं, याची नोंद नसते. ते काढण्याच्या कारणाची मात्र असते. ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे आणि तिला सुरक्षा हे नाव देऊन तुम्ही सुरक्षेचीच बदनामी करता.

मागणं मोठं नाही. उतरवताना विचारता तेच कारण चढवतानाही विचारा, आणि लेबलाखाली ते चढवणाऱ्याचं नाव राहू द्या. लेबलाला मुदत घाला. १९९७ च्या सार्वजनिक अभिलेख नियमांप्रमाणे सरकारी खात्यानेसुद्धा आपले गोपनीय कागद खालच्या वर्गात आणता येतील का हे दर पाच वर्षांनी पाहायचं असतं, मग कंपनीच्या पार्किंगच्या तक्त्याला अमरत्व कशाला? ज्या मेलमध्ये काहीच नाही त्याला काहीच विचारू नका. आणि 'हे लेबल चुकीचं आहे' म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला सुरक्षेचं गांभीर्य नसल्याची समज देऊ नका. त्याचं बरोबर असेल तर सगळ्यांसमोर लेबल उतरवा. एवढंही जमणार नसेल, तर दरवर्षीच्या प्रशिक्षणातून 'सुरक्षा ही प्रत्येकाची जबाबदारी आहे' ही स्लाइड तरी काढून टाका. ज्याला लेबल उतरवायचा अधिकार नाही, त्याच्या गळ्यात ते जपायची जबाबदारी बांधणं म्हणजे सरळ सरळ अंग काढून घेणं आहे.

कळावे,
आपला,
एक प्रेषक